आप्पांची पांढरी चिंधी

"हातात तर घेऊन बघ, त्रिशला!" रियाजनं तो चकचकीत पाईप माझ्या नाकासमोर नाचवला. "वरनं सगळी स्टीलची जाळी. मुंबई-पुण्याचे रेसवाले ह्येच लावत्यात. आपल्या मिरचीला काय नाक न्हाई व्हय?"

"नाक हाय की," आप्पा म्हणाले. त्यांचं अर्धं अंग गाडीच्या तोंडात होतं, त्यामुळं आवाज आतून कुठून तरी आल्यासारखा आला. "पर ही जाळी ज्येला घासंल त्येला कानशीगत कापत जाती. शेजारनं वायरी चालल्यात, पेट्रोलची नळी चाललीया. आधी इंजिन चालू कर, मग बघू कुणाचं नाक किती लांब ते."

मी गाडीत बसून चावी फिरवली. मिरची भुंकायला लागली. तिला दुसरा आवाज नव्हताच.

आप्पांनी मापाच्या सुतळीचं एक टोक इंजिनापाशी धरलं, दुसरं गाडीच्या तोंडाशी, तेल गार करायच्या जाळीपाशी. "रेस दे," ते ओरडले. मी दिली. इंजिन एका अंगाला कललं आणि ढिली असलेली सुतळी ताणून ताठ झाली. आप्पांनी दोन बोटं सुतळी आणखी सोडली, पुन्हा रेस द्यायला लावली, पुन्हा बघितलं, आणि मगच दाताखाली धरून गाठ मारली.

"झोपलेल्या माणसाचा सदरा बेतायचा नसतो," ते बाहेर येत म्हणाले. "उठून हातपाय हलवाय लागला की बगलंत फाटतोय."

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरातली, कोल्हापूरच्या उद्यमनगरातली. आमचं दुकान होज पाईपचं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा जॅक, साखर कारखान्यातली यंत्रं, माती उपसणारी मशिनं, ज्यातून दाबाखाली तेल जातं त्या सगळ्याला जाड रबरी पाईप लागतो, आणि पाईप फुटला की लोक भूपाल मगदुमांकडं, म्हणजे माझ्या वडलांकडं, आप्पांकडं येत. मी सत्तावीस वर्षांची होते. टेम्पोतून कारखान्यांवर पाईप पोचवायचं काम माझं. ते मी जरा जास्तच वेगानं करायची, आणि त्याच वेगावर भाळून मागच्या गल्लीतल्या रियाज मुजावरनं मला आपल्या रेसच्या गाडीत बसवलं होतं. इंजिन बांधायचा तो, पळवायची मी. गाडी म्हणजे एक जुनी लाल फियाट, आतून पार सोलून काढलेली. तिचं नाव मिरची.

रियाजनं त्या बिचारीच्या इंजिनातून जन्मात कुणी काढली नसेल एवढी ताकद काढली होती, आणि त्याचं फळ आम्ही भोगत होतो. आठ-दहा फेऱ्या झाल्या की तेल इतकं तापायचं की त्याचं पाणी व्हायचं. पाणी झालेलं तेल बेअरिंगला धरत नाही. त्या हंगामात आम्ही दोन इंजिनं अशी भाजून काढली होती. हे तिसरं. चौथं मिळणार नव्हतं, आणि रविवारी वर्षातली शेवटची रेस होती. म्हणून रियाजनं कुठून तरी तेल गार करायची जाळी पैदा केली. ती गाडीच्या तोंडाशी, वाऱ्यावर बसवायची. एका पाईपनं गरम तेल तिच्याकडं जाणार, दुसऱ्यानं गार होऊन परत येणार. जाळी मिळाली, फिटिंगं मिळाली. अडलं होतं ते त्या दोन पाईपांवर.

आप्पांना माझं रेस खेळणं पसंत होतं की नव्हतं, हे मला तोवर कळलेलं नव्हतं. ते कधी नको म्हणाले नाहीत, आणि कधी बघायलाही आले नाहीत. त्या गुरुवारी दुपारी मात्र मी भीत भीत विचारलं, "आप्पा, मिरचीचे पाईप करताय?" आणि ते हातातलं काम टाकून सुतळी घेऊन माझ्या पुढं चालायला लागले.

"बरं, स्टीलचा नको तर नको," रियाज नाराजीनं म्हणाला. "काळा रबरीच करा. पर जरा बारका घ्या आप्पा, वळवाय सोपा."

"सकाळी तेल गार असतंय तवा काकवीवानी असतंय. बारक्या नळीतनं काकवी ओतून बघितलीयास कधी?" आप्पांनी बोटांनी अर्ध्या इंचाचं माप दाखवलं. "येवढं भोक पायजे. आन वळण मोठं घ्यायचं. वळवाय सोपा म्हणून काय चालत न्हाई लगा, तेलाला वळाय सोपं पायजे."

रियाजनं स्टीलचा पाईप गुंडाळून ठेवला. त्याचं तोंड बघून मला हसू आलं. नवरी पसंत पडून पत्रिका न जमलेल्या मुलासारखं झालं होतं ते.

दुकानात आलो तेव्हा चार वाजून गेले होते. आप्पांच्या हाताखाली मी लहानाची मोठी झाले, तरी त्यांना पाईप करताना बघायला मला तेव्हाही आवडायचं. भेंडोळ्यातून आलेल्या पाईपाला एक जन्माचा बाक असतो. तो कुठल्या अंगाला आहे हे ते डोळे मिटून, नुसता हात फिरवून हेरायचे, आणि गाडीवर पाईप ज्या बाजूला वळणार त्याच बाजूला तो बाक येईल असं टोकाचं फिटिंग बसवायचे. मग पाईप गाडीवर जाऊन असा निवांत बसायचा की त्याला मुद्दाम वाकवलंय असं वाटायचंच नाही. डोळे मिटून काम करणं त्या वर्षी त्यांच्या सोयीचंही होतं. उन्हाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डावा हातही हल्ली थोडा थरथरायचा. पेठेत कुजबूज होती की मगदूम आता थकले. ती माझ्या कानावर यायची तशी त्यांच्याही येत असणार.

चाकावर पाईप कापला, टोकाला एरंडेल लावून फिटिंग आत ढकललं, मशिनमध्ये दाबून घट्ट केलं. आता राहिली चिंधी.

ही आमच्या दुकानाची रीत होती. पाईप कापताना रबराचा भुगा आणि आतल्या तारेचे कण पाईपातच पडतात. ते तेलाबरोबर यंत्रात गेले की यंत्राचं मातेरं. बाकीची दुकानं पाईप तसाच देत, धुऊन घ्यायचं काम लावणाऱ्याचं. आप्पा मात्र जुन्या धोतराची धुतलेली चिंधी तारेला बांधून पाईपातून ओढायचे. पहिली काळी यायची, दुसरी करडी, तिसरी-चौथी पांढरी. मग पाईप उलटा करून दुसऱ्या टोकाकडून पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही बाजूंनी पांढरी आली की ती शेवटची चिंधी पाईपालाच गाठ मारून बांधायची आणि मग पाईप गिऱ्हाइकाच्या हातात. त्या गाठीचा अर्थ सगळ्या उद्यमनगराला ठाऊक होता. मगदुमांनी हा पाईप आतून बघितलाय.

पहिला पाईप दोन्ही बाजूंनी झाला, त्याला चिंधी बांधली. दुसऱ्याला पहिल्या बाजूनं तिसऱ्या खेपेला पांढरी आली. बाहेर रियाज दोनदा हॉर्न वाजवून गेला होता. त्याच दिवशी उजेडात पाईप चढवून घ्यायचे, म्हणजे शुक्रवारी सकाळीच ट्रॅकवर जाता येईल, असा आमचा बेत होता. आप्पांनी पाईप उलटा करायला घेतला आणि मी त्यांचा हात धरला.

"बास की आप्पा. दिवस बुडाय लागलाय. तुमचं जेवण ऱ्हाईल."

आम्ही जैन. आप्पा दिवस मावळायच्या आत जेवत. मावळल्यावर अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही, उद्या सूर्य उगवेपर्यंत. साडेपाचला दुकान बंद करून ते घरी निघत, आणि त्या वेळेला अख्खी गल्ली घड्याळ लावून घ्यायची.

त्यांनी दाराकडं बघितलं. उंबऱ्यावरचं ऊन तांबूस झालं होतं. मग माझ्याकडं बघितलं. मी हात पुढं करून उभीच होते. त्यांनी दुसऱ्या पाईपाला चिंधी बांधली.

"ही गाठ तुमी सोडायची न्हाई," ते म्हणाले. "मीच सोडणार. ऐतवारी येतो मी ट्रॅकवर."

"खरंच येताय?" मी विचारलं.

"तुझी आई डबा करून देती म्हणालीया," आप्पा म्हणाले आणि चपला शोधायला लागले. म्हणजे घरात या विषयावर बोलणं झालं होतं. मी पाईप छातीशी धरून रियाजच्या गाडीकडं अक्षरशः पळत सुटले.

*

शुक्रवारी सकाळी माळावरच्या ट्रॅकवर मिरची सहा फेऱ्या सुरेख पळाली. सातव्या फेरीत तेलाच्या दाबाचा काटा पडला. मी पाय काढला, काटा वर आला. पुन्हा पाय दिला, पुन्हा पडला. मी गाडी बंद करून उतरले.

रियाजनं पंपावर संशय घेतला, मग गाळणीवर, मग स्वतःच्या नशिबावर. तासभर शोधून शेवटी पाईप उतरवले. पहिल्यातून मी फुंकर मारली, गेली. दुसऱ्यातून मारली, तीही गेली. सहज तो उलटा करून दुसऱ्या टोकाकडून मारली, आणि फुंकर अडली. गाल फुगले, पण वारा पलीकडं जाईना.

रियाजनं बॅटरी लावून आत बघितलं. फिटिंग आत ढकलताना आतल्या रबराची एक साल निघाली होती. एका बाजूनं आलं तर ती आडवी पडून वाट द्यायची, दुसऱ्या बाजूनं जोरात तेल आलं की दारासारखी उभी राहायची.

"उलटा लाव. चालंल," रियाज म्हणाला.

"आणि साल तुटून आत गेली म्हंजे?"

त्यानं पाईप माझ्या हातात दिला. मी त्या पाईपाच्या टोकाची पांढरी चिंधी बघत होते. माझ्या आठवणीत चिंधी बांधलेला पाईप कधी परत आला नव्हता. ऊसतोडीच्या धामधुमीत दिवसाला पन्नास पाईप केले तेव्हाही नाही. आणि परत आला तो माझ्याच गाडीचा.

"आप्पांना सांगाय लागंल," रियाज हळूच म्हणाला. "दुसरा करून देतील की."

"न्हाई सांगायचं."

"अगं पर..."

"मी सांगतो त्ये ऐक. डोळं गेलं, हात थरथरतोय, समदं गाव म्हणतंय. आता मी हा पाईप न्हेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवू? उद्याच्याला दुकानाचं शटर वर करणार न्हाईत त्ये." आमच्याकडच्या बायका 'मी सांगतो, मी करतो' असंच बोलतात. बाहेरच्यांना गंमत वाटते. त्या दिवशी मात्र मी काही गमतीत बोलत नव्हते.

शनिवारी आम्ही इचलकरंजीला जाऊन एका दुकानातून हुबेहूब तसेच दोन काळे पाईप करून आणले. तेच माप, तीच फिटिंगं. आमच्यात शहाणपण आलेलं असल्यामुळं रियाजनं दोन्ही टोकांकडून फुंकून बघितलं. साल नव्हती. आप्पांचे पाईप मी पोत्यात गुंडाळून टेम्पोच्या सीटखाली ठेवले. त्यांच्या चिंध्या सोडल्या आणि नव्या पाईपांना बांधल्या. गाठ मारताना आप्पा कशी मारतात ते आठवून आठवून मारली. मला वाटलं, मी आप्पांना वाचवलं.

*

रविवारी आप्पा यष्टीनं साडेतीनला आले. पांढरं धोतर, काळी टोपी, एका हातात दुकानात असायची ती खाकी पिशवी, दुसऱ्या हातात डबा. रेस पाच वाजता होती. माळावर मंडप, कर्णा, चहाच्या टपऱ्या, कोल्हापुरातली निम्मी हौशी पोरं. त्या गर्दीत आप्पा लग्नाला आल्यासारखे सगळ्यांना नमस्कार करत आमच्यापर्यंत पोचले.

आम्ही नवे पाईप तिथंच दुपारी चढवले होते. तेल भरून झालं होतं, इंजिन अजून चालू केलं नव्हतं.

"चार वाजलं की जरा चालू करून गरम करतो," रियाज त्यांना सांगत होता, जरा जास्तच मोठ्या आवाजात. "मग तुमी गाठ सोडा, आन पोरगी सुटतीया बघा!"

आप्पा हसले. डबा बाजूला ठेवून ते वाकले आणि पाईपावरून हात फिरवला. हात अर्ध्यावर थांबला. पुन्हा पहिल्यापासून फिरवला. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"ह्यो पाईप भांडालाय," ते म्हणाले.

इचलकरंजीवाल्यानं पाईपाचा बाक वळणाच्या उलट्या अंगाला ठेवून फिटिंग बसवलं होतं.

त्यांची बोटं चिंधीपाशी गेली. गाठीवरून अंगठा फिरला. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं, आणि मला शाळेत चोरी सापडलेल्या मुलीसारखं झालं.

"माझा कुठं हाय?"

रियाज काही तरी सांगायला लागला, त्याला मी थांबवलं. टेम्पोतून पोतं आणलं. आप्पांनी दोन्ही पाईप काढले, दुसरा हातात धरला, आणि कुणी काही न सांगता तो तोंडाला लावून एका टोकाकडून फुंकला. मग उलटा करून फुंकला. त्यांचे गाल फुगलेले मी बघितले आणि मान फिरवली.

"साल निघालीया," ते म्हणाले.

"आप्पा, तुमाला वाईट वाटंल म्हणून..."

"वाईट वाटतंयच." त्यांनी पाईप पोत्यावर ठेवला. "पाईप दुसऱ्याचा लावलास त्येचं न्हाई. बरं केलंस. मी असतो तर मीबी त्येच केलं असतं. पर ही चिंधी तू कशाला बांधलीस?"

मी गाठ सोडायला हात पुढं केला, त्यांनी तो बाजूला केला.

"चिंधी म्हंजे काय गं? माझं नाव न्हवं ते. ह्यो पाईप आतनं बघितलाय, येवढंच सांगती ती. तू बघितलास?"

"फुंकून बघितला," रियाज म्हणाला.

"ओढून बघितला का?"

चिंध्यांच्या ढिगात वाढलेली मी, आणि मला पाईपातून एक चिंधी ओढायचं सुचलं नव्हतं. जिथं ठेच लागली होती तेवढीच जागा मी तपासली होती.

आप्पांनी नवीन पाईपांच्या दोन्ही गाठी सोडल्या. त्या चिंध्या घडी घालून खिशात ठेवल्या. मग टोपी काढून डब्यावर ठेवली आणि म्हणाले, "काढा दोन्ही."

"आप्पा, तास-सव्वा तास हाय फक्त," रियाज कळवळला. "भरल्यालं तेल काढाय लागंल, परत चढवाय लागंल."

"मग बोलत कशाला उभारलाईस?"

रियाज गाडीखाली शिरला. खाकी पिशवीत तार होती, बाटलीत थोडं रॉकेल होतं, आणि आईनं धुऊन दिलेल्या चिंध्यांची गुंडाळी होती. रेस बघायला निघालेला माणूस ते सगळं घेऊन आला होता. आप्पा मिरचीच्या सावलीत मांडी घालून बसले. मी टोक धरलं, त्यांनी ओढलं.

पहिली चिंधी बाहेर आली आणि रियाजनं तोंडावर हात ठेवला. काळा भुगा, आणि त्यात उन्हात चमकणारे तारेचे बारीक कण. आम्ही इंजिन चालू केलं असतं तर ते सगळं त्या तिसऱ्या इंजिनाच्या पोटात गेलं असतं, आणि जाताना वर मगदुमांची पांढरी चिंधी फडकत असती.

दुसरी काळी. तिसरी करडी. चौथी, पाचवी. आप्पा घाई करत नव्हते. कर्ण्यावरून गाड्यांना रांगेत बोलवायला लागले तेव्हा पहिल्या पाईपाची पहिली बाजू झाली होती. आप्पांनी पाईप उलटा केला. या वेळी मी हात धरला नाही.

तेव्हा ते बोलले, माझ्याकडं न बघता, तार ओढता ओढता.

"त्या दुसऱ्याला उलट्या बाजूनं ओढायची ऱ्हायली हुती. ओढली असती तर तितंच अडली असती चिंधी. साल हाताला लागली असती."

मला गुरुवारची संध्याकाळ दिसली. उंबऱ्यावरचं तांबूस ऊन, पुढं केलेला माझा हात. त्यांचे डोळे चुकले नव्हते. त्यांचा हातही थरथरला नव्हता. पाईप उलटा करायला त्यांनी घेतलाच होता. मी त्यांना थांबवलं होतं, तेसुद्धा त्यांच्या जेवणाचं निमित्त करून, आणि नंतर सगळा दोष त्यांच्या म्हातारपणावर टाकून मोकळी झाले होते. वर माझं मन किती मोठं म्हणून स्वतःवर खूशही होते.

"आप्पा, ती मी..."

"टोक नीट धर," ते म्हणाले. "चिंधी कुणी बांधली? मी बांधली. हात तू धरलास, पर गाठ मारणारी बोटं माझी. तू मागितलास आन मी दिला. द्यायचा नव्हता."

दुसरा पाईप झाला. दोन्ही पाईपांना त्यांनी नव्या चिंध्या बांधल्या, आपल्या हातानं, आपल्या गाठीनं. इचलकरंजीच्या पाईपाला मगदुमांची चिंधी. रियाजनं पाईप चढवले, तेल भरलं. इंजिन चालू झालं. आप्पांनी चारही टोकांना बोट लावून ते बोट उन्हात धरून बघितलं. कोरडं होतं. मग त्यांनी गाठी सोडल्या.

"जा आता," ते म्हणाले. "बेतानं जा म्हणणार न्हाई. तसं जायचं असतं तर टेम्पो हाय की आपला."

*

आम्ही रांगेत सगळ्यात शेवटी लागलो, कारण पोचलोच शेवटी. वीस फेऱ्यांची रेस. दर फेरीला मंडपासमोरच्या वळणावर मला तारेच्या कुंपणापाशी एक पांढरं धोतर दिसायचं. दोन्ही हातांनी तार घट्ट धरलेली, आणि टोपी नव्हती, ती डब्यावरच राहिली होती. सातवी फेरी गेली, दहावी गेली. मी रस्त्याइतकंच काट्याकडं बघत होते. काटा हलला नाही.

मी चौथी आले. चौथ्याला काही देत नाहीत. पण मिरची स्वतःच्या पायांनी परत आली, त्या हंगामात पहिल्यांदाच, आणि रियाज तिच्या बॉनेटवर पालथा पडून लहान पोरासारखा रडला.

हार-तुरे, फोटो, भाषणं झाली. आम्ही सामान आवरायला लागलो तेव्हा माळावर संधिप्रकाश होता. टेम्पोत ठेवायला मी आप्पांचा डबा उचलला आणि तो जड लागला.

मी पश्चिमेकडं बघितलं. सूर्य कधीच गेला होता.

"आप्पा, तुमी जेवला न्हाईसा?"

"कवा जेवणार? सव्वापाचला तू पळाय लागलीस," ते टोपी झटकत म्हणाले. "तुझी आई इचारंल. जेवलो म्हणून सांगू नको. खरं सांग."

वाटेत त्यांनी पाणीही घेतलं नाही. टेम्पो मीच चालवत होते, आणि जन्मात पहिल्यांदा बेतानं चालवत होते. शिरोली आली तेव्हा मी म्हणाले, "आप्पा, गुरुवारी मला तुमच्या जेवणाची काळजी नव्हती. रियाज हॉर्न वाजवालता म्हणून म्हणालो मी तसं."

"मला ठावं हाय," आप्पा म्हणाले. "हॉर्न मलाबी ऐकू आलता."

थोड्या वेळानं ते म्हणाले, "उद्यापास्नं पाईप तू करायचास. फिटिंग दाबायचं, बाक बघायचा, सगळं तुला येतंय. चिंधी मी ओढीन."

तसंच झालं. पुढं अकरा वर्षं मी पाईप केले आणि आप्पांनी चिंधी ओढली. दिसायचं पार कमी झालं तेव्हा चिंधी पांढरी आली का, हे ते मला विचारायचे, आणि मी हो म्हटल्यावर क्षणभर थांबून पुन्हा एकदा, "नक्की?" असं विचारायचे. मी नक्कीच पांढरी असल्याशिवाय कधी हो म्हटलं नाही.

मिरची विकली. रियाज आता शिरोलीत मोठं गॅरेज चालवतो, आणि त्याच्याकडच्या रेसच्या गाड्यांना स्टीलच्या जाळीचे पाईप लावतो. जिथं घासतील तिथं सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायला मात्र विसरत नाही. ते पाईप तो माझ्याकडूनच करून नेतो. त्याच्याबरोबर येणारी पोरं घाईत असतात. रविवारी रेस असते, गाडी जॅकवर उचलून ठेवलेली असते. पहिल्या बाजूनं चिंधी पांढरी आली की त्यांचे हात आपोआप पुढं येतात.

"झालं की मॅडम, पांढरी आली की!"

मी त्यांना चहा सांगते, आणि पाईप उलटा करते.